शिडाच्या बोटीवर तीन दिवस घर कसं चालवावं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही नाशिकच्या इंदिरानगरला राहता. भाच्याने मुंबईत २६ फुटी जुनी शिडाची बोट घेतली आहे. पौष पौर्णिमेच्या आसपास तो तुम्हा चौघांना, म्हणजे तुम्ही, यजमान, ११ वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांचे सासरे, मुंबईहून रेवदंड्याच्या खाडीपर्यंत नेणार आहे. तीन दिवस, सगळा मुक्काम बोटीवर. बोट चालवणं तो बघेल, पण खाणं, पाणी, आंघोळ, झोप हे सगळं तुमच्याकडे आहे. ‘आम्ही नाशिकची माणसं, समुद्रावर कधी राहिलो नाही, काय काय सामान विकत घ्यावं लागेल?’ असं तुम्ही विचारलंय.

विकत घ्यायचं फारच थोडं आहे. मी मूळची मनमाडची. वागदर्डी धरण आटलं की नळाला पंधरा-पंधरा दिवसांनी पाणी यायचं, त्या घरात मी वाढले. लग्नानंतर नाशिकला आले, नवऱ्याबरोबर गंगापूर धरणावर शिडाची छोटी होडी शिकले. पुढे तिघा-चौघांत मिळून मुंबईत एक बोट घेतली आणि गेली बावीस वर्षं दर हिवाळ्यात आम्ही किनाऱ्याकिनाऱ्याने जातोय. बोटीवर मला जे काही येतं त्यातलं निम्मं मी आईच्या स्वयंपाकघरात शिकले. भाजी धुतलेल्या पाण्याने ओटा पुसायचा, ते पिळून फरशीला, आणि उरलेलं तुळशीला. ज्या घरात पाणी मोजलं जातं त्या घरातली बाई बोटीवर कधी अडत नाही. म्हणून पाण्यापासूनच सुरुवात करते. बाकीचं सगळं त्याच्यामागे येतं.

हिशोब असा धरा. माणशी दिवसाला प्यायला ३ लिटर, स्वयंपाक आणि चहाला १, आणि खारट अंग-भांडी शेवटी विसळायला १. म्हणजे ५ लिटर. भाचा धरून तुम्ही पाच जण (प्रश्नात त्याला मोजायचं राहिलंय), म्हणजे दिवसाला २५ लिटर. तीन दिवसांचे ७५, आणि वारा पडला किंवा इंजिन रुसलं तर एक दिवस जास्तीचा, असे १००. बोटीला स्वतःची टाकी असेल. ती किती लिटरची आहे आणि शेवटची कधी धुतली होती हे भाच्याला विचारा. जुन्या बोटीच्या टाकीतलं पाणी मी पिण्यासाठी धरत नाही, विसळण्यासाठी धरते. पिण्याचं पाणी १० लिटरच्या कॅनमध्ये न्या, २० लिटरच्या जारमध्ये नको. हलत्या बोटीवर २० किलो उचलून ओतणं हे पाठ धरण्याचं काम आहे. शिवाय एक जार फुटला तर एकदम पाचवा हिस्सा जातो. आमच्या दुसऱ्या की तिसऱ्या फेरीत मी एका कॅनचं झाकण नीट आवळलं नव्हतं. रात्रभर ते तळात झिरपत राहिलं आणि सकाळी चहाला भांडंभर पाणी मोजून घ्यावं लागलं. तेव्हापासून रोज रात्री झोपण्याआधी प्रत्येक झाकण हाताने बघते. १०० लिटर म्हणजे १०० किलो हेही लक्षात ठेवा. कॅन बोटीच्या मध्यावर, खाली, दोन्ही बाजूंना सारखे लावायचे. कुठला आधी संपवायचा ते भाच्याला विचारून ठरवा, कारण वजन एकीकडे राहिलं की बोट कलते.

पाणी वाचवायचा मोठा भाग तर घरीच होतो. भाज्या, कोथिंबीर, मिरच्या, द्राक्षं सगळं नाशिकलाच धुऊन, फडक्यावर पूर्ण कोरडं करून डब्यात भरा. ओलं भरलं तर दुसऱ्या दिवशी कुजतं. डाळ-तांदूळ निवडून एकेका वेळच्या खिचडीच्या पिशव्या करा. तांदूळ, मुगाची डाळ, हळद, तिखट, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड सगळं एकत्र. बोटीवर फक्त तेलात कांदा परतायचा, पिशवी ओतायची, ठरलेले पेले पाणी घालायचं. हलणाऱ्या बोटीवर पाच डबे उघडून चमच्याने मोजत बसायची वेळ येत नाही. पुठ्ठ्याची खोकी बोटीवर नेऊ नका. ती ओलावा धरतात आणि त्यातून झुरळं येतात.

काय न्यायचं याची चिंता नाशिकच्या बाईने करावी असं मला वाटत नाही. पहिल्या दिवसाचा स्वयंपाक करूच नका. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी घरून न्या. भाकरी त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी ती चामडं होते. दुसऱ्या दिवसासाठी दशम्या, दुधात भिजवलेल्या, त्या दोन दिवस मऊ राहतात. मग खिचडी, पिठलं-भात, मेतकूट-भात. कांदा भरपूर. पौषात बाजारात लाल कांदा असतो, तो उन्हाळ कांद्यासारखा महिनोन्‌महिने टिकत नाही, पण तीन दिवसांना काही होत नाही. जाळीच्या पिशवीत हवेशीर टांगा. लिंबं, आलं, गूळ, भाजलेले शेंगदाणे, चिवडा. हाताशी येईल असा एक ‘भुकेचा डबा’ वेगळा ठेवा, कारण समुद्रावर भूक वेळ बघून लागत नाही आणि प्रत्येक वेळी खाली उतरून शोधाशोध केली की मळमळतं. तळण मात्र पूर्ण बंद. उकळतं तेल आणि लाट यांची गाठ पडू द्यायची नाही. याच कारणासाठी मिसळही घरी परत आल्यावर करा. तर्री सांडली तर बोटीच्या लाकडातून तो वास वर्षभर जात नाही.

कुकर न्याच, तीन लिटरचा. झाकण आवळलेलं असल्यामुळे कलंडला तरी अन्न सांडत नाही, गॅस निम्मा लागतो आणि वाफ कमी झाल्याने आत दमट होत नाही. सकाळी एकदाच चहा करून थर्मासमध्ये भरला की सासऱ्यांना दहा वाजता आणि चार वाजता मागता क्षणी मिळतो. पेला अर्धाच भरायचा. हे मुलीला शिकवा, ती मोठ्यांनाही शिकवेल. शेगडी जर झुलती नसेल, म्हणजे बोट कलली तरी स्वतः सरळ राहणारी नसेल, तर स्वयंपाक फक्त नांगर टाकल्यावर करा. आणि शेगडीपुढे उभं राहताना पायभर कपडा हवा.

गॅसबद्दल जरा थांबून सांगते, कारण घरातली सवय इथे घात करते. घरी वास आला तर आपण खिडकी उघडतो आणि गॅस निघून जातो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात तो दाराखालून, मोरीतून बाहेर पडतो, पण बोट म्हणजे पाणी आत येऊ नये म्हणून केलेलं बंद भांडं. गळलेला गॅस तळात साचून राहतो आणि नाकाला लागतही नाही. म्हणून प्रत्येक वेळी शेगडीचं बटण नाही, आधी सिलिंडरचा झडप बंद करायचा, नळीतला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्यायची, मग बटण बंद. सकाळी उठल्यावर काडी ओढण्याआधी वरची झापडं उघडून दहा मिनिटं हवा खेळू द्यायची. पाचही जणांना, अगदी मुलीलाही, सिलिंडर कुठे बंद होतो ते पहिल्याच तासात दाखवून ठेवा.

भांडी आणि आंघोळ समुद्राच्या पाण्याने. नेहमीच्या साबणाच्या वडीला खाऱ्या पाण्यात फेस येत नाही, नुसता चिकट साका बसतो. भांड्यांचं पातळ साबण आणि शाम्पू मात्र फेसाळतात, म्हणून अंगालाही शाम्पूच वापरा. भांडी बादलीतल्या खाऱ्या पाण्यात घासायची आणि झाडांवर फवारतो त्या फवाऱ्याच्या बाटलीतून गोड पाणी मारायचं. एका ताटाला दोन फवारे पुरतात. आंघोळीनंतर प्रत्येकाला एक तांब्या गोडं पाणी, डोक्यावरून हळूहळू. तो तांब्या वाचवू नका. अंगावर मीठ राहिलं तर मांड्या-काखा सोलतात. शिवाय मीठ हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे खारट झालेला कपडा कितीही वाळवला तरी रात्री पुन्हा ओलसर होतो. आमच्या बोटीवर पक्का नियम आहे की दिवसाच्या कपड्यांत कोणी अंथरुणावर बसायचं नाही. झोपायचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत वेगळा, तो अंग विसळल्यावरच घालायचा. हे एवढं पाळलं तर तिसऱ्या रात्रीही अंथरूण कोरडं राहतं. खाऱ्या पाण्याचं हे सगळं उघड्या समुद्रातल्या पाण्याबद्दल आहे. मुंबई बंदरातल्या पाण्यात भांडंही बुडवू नका आणि ओहोटीला खाडीचं गढूळ पाणी घेऊ नका. काही जण भातातही थोडं समुद्राचं पाणी घालून मीठ वाचवतात. मी आपल्या किनाऱ्यावर ते करत नाही.

संडासाबद्दल कोणी विचारत नाही आणि सगळ्यांच्या मनात तेच असतं. २६ फुटी बोटीवर बहुधा हातपंपाचा लहान संडास असतो. त्याला समुद्राचंच पाणी येतं, त्यामुळे गोड्या पाण्याची काळजी नाही. पण त्याची नळी अरुंद असते. त्यात कागद, कापूस, पॅड, केस काहीही जाता कामा नये. कागदी पिशव्या आणि एक घट्ट झाकणाचा डबा तिथेच ठेवा. पंप कसा मारायचा ते भाच्याकडून सगळ्यांनी, सासऱ्यांनीसुद्धा, धक्क्यावर बोट बांधलेली असतानाच करून बघावं. पडदा पातळ असतो, आवाज ऐकू येतात. पहिल्या दिवशी संकोच वाटतो, म्हणून वेळ ठरवून बाकीच्यांनी वर जाऊन बसायचं. आणि पुरुषांना बजावून सांगा की रात्री कठड्याशी उभं राहून लघवी करायची नाही. अर्धवट झोपेतला माणूस तिथूनच पाण्यात जातो आणि कोणाला कळतही नाही. बसून, आतच.

आता भरती-ओहोटी. हा भाच्याचा विषय वाटेल, पण तुमच्या घराचं घड्याळ तेच आहे. कोकणातला जुना हिशोब असा की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सकाळी सव्वाअकरा आणि रात्रीही त्याच सुमाराला भरती, आणि त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासापेक्षा थोडी जास्त पुढे सरकते. मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला हा आडाखा चांगला लागतो. बोट चालवणाऱ्याने मात्र छापील तक्ताच बघायचा. तुम्ही पौर्णिमेला जाताय म्हणजे उधाण असणार, पाणी सगळ्यात जास्त चढणार आणि सगळ्यात जास्त उतरणार. याचा तुम्हाला उपयोग असा: सासऱ्यांना किनाऱ्यावर उतरवायचं असेल तर सकाळी दहा ते साडेबाराच्या मध्येच. तेव्हा लहान होडी धक्क्याला लागते. संध्याकाळी पाचला उतरायला गेलात तर गुडघाभर चिखलातून चालावं लागेल. पोहणंही भरती पूर्ण झाल्यावर पाणी थांबतं तेव्हाच. मधल्या वेळेत खाडीची ओढ चांगल्या पोहणाऱ्यालाही परतू देत नाही. नांगराचा दोर भरतीच्या खोलीच्या हिशोबाने सोडलाय ना, हेही भाच्याला प्रेमाने विचारा. ओहोटीला ३ मीटर दिसणारं पाणी रात्री ७ मीटर होतं, आणि दोर किमान त्याच्या पाचपट लागतो. तो नाराज होणार नाही. चांगला बोटवाला या प्रश्नाने खूश होतो.

वाऱ्याचंही तसंच वेळापत्रक आहे. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई वारा येतो, समुद्र सपाट असतो. दहा-अकराला तो पडतो, आणि दुपारनंतर खारा वारा वायव्येकडून जोर धरतो, लाटा उठतात. म्हणून पोटाची कामं सकाळी. स्वयंपाक, आंघोळ, केर-वारा सगळं नांगरावर असताना सूर्योदयाच्या आसपास उरका. दुपारी कोणीही खाली जाऊन काही शोधायचं नाही. मुंबई ते रेवदंडा हे साधारण २५ सागरी मैल, म्हणजे ४५ किलोमीटरच्या थोडं वर, पाच-सहा तासांचा प्रवास. पहाटेच निघालात तर खांदेरीचा किल्ला चांगल्या पाण्यात मागे पडेल आणि दुपारच्या वाऱ्याला खाडीत पोहोचाल. अंधारात चालायचंच नाही. त्या पट्ट्यात कोळ्यांची डोल जाळी लागलेली असतात, ती रात्री दिसत नाहीत, इंजिनाच्या पंख्यात अडकली तर तुमची सहल जाईलच पण त्यांचं पोटही जाईल.

पहिल्या दिवशी बहुतेकांना बोट लागते. उपाशी निघू नका, आणि तेलकट खाऊनही नको. मऊ भात, मेतकूट, थोडं तूप उत्तम. बोटीच्या मध्यावर बसायचं, नजर क्षितिजावर किंवा किनाऱ्यावर, मोबाइल बंद. आल्याचा तुकडा गालात धरा. गोळ्या घ्यायच्या तर मळमळायच्या आधी घ्याव्या लागतात. सासऱ्यांची रक्तदाबाची औषधं चालू असतील तर कोणती गोळी चालेल ते त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा, आणि त्यांची रोजची औषधं दोन वेगळ्या पिशव्यांत निम्मी-निम्मी ठेवा. मुलीच्या हातात थोडा वेळ सुकाणू द्या. सुकाणू धरणाऱ्याला बोट क्वचितच लागते.

झोपेबद्दल तुम्ही थंडीची भीती लिहिलीय. निफाडच्या थंडीत वाढलेल्यांना जानेवारीचा समुद्र उबदारच वाटेल. अडचण दवाची आहे. उघड्यावर झोपलात तर पहाटे गोधडी पिळून काढावी लागते. वर ताडपत्री बांधा किंवा आत झोपा. जाड गोधडी नकोच, ती ओली झाली की तीन दिवस वाळत नाही. पातळ शाली दोन-दोन घ्या. आवाज मात्र खूप असतात. पाणी कानाशी दोन बोटांवर चुबकत असतं, दोर डोलकाठीवर टणटण वाजतो. तो दोर बाजूला ताणून बांधायला सांगा, नाहीतर मध्यरात्री सगळे जागे. पाण्याच्या आवाजाची सवय दुसऱ्या रात्री होते आणि घरी परतल्यावर काही दिवस त्याच्याशिवाय झोप येत नाही. झोपण्याआधी किनाऱ्यावरचे दोन दिवे नेमून ठेवा. जो कोणी रात्री उठेल त्याने ते दोन्ही आपल्या जागी आहेत का बघायचं. पौर्णिमेला वारा-प्रवाहाने बोट फिरते, त्यामुळे दिशा बदलेल, पण दिव्यांमधलं अंतर फार बदललं तर भाच्याला उठवायचं, नांगर सरकतोय. बोटीचा वरचा पांढरा दिवा रात्रभर चालू हवा. बॅटरी त्याच्यासाठी राखायची, म्हणून फ्रिज बंद आणि मोबाइल दिवसा एकदाच चार्ज.

सामान मऊ पिशवीतच. बॅगेची चाकं आणि कडक कोपरे बोटीला आणि नडग्यांना दोन्ही सोलतात. माणशी एकच पिशवी, मांडीवर मावेल एवढी. दोन दिवसांचे कपडे, टोपी नाडीची, काळ्या तळव्याच्या चपला नकोत. लाइफ जॅकेट चौघांच्या मापाचे आहेत का हे आधी घालून बघा. मुलीचं वेगळं लहान लागतं, मोठ्यांचं घातलं तर पाण्यात ते डोक्यावरून निघून जातं. कचऱ्याला एक गोणी, कांद्याच्या सालासकट सगळं परत नाशिकला.

सासऱ्यांना पाण्याची भीती वाटते असं तुम्ही शेवटी लिहिलंय. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रोइंगला तेरावे आले, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या चमूने सुवर्ण मिळवलं. दुष्काळी गावातला मुलगा. सुरुवातीला त्यांनाही पाण्याची भीती वाटायची, हे त्यांनी स्वतः सांगितलंय. सासऱ्यांना ही गोष्ट सांगा आणि निघण्याआधी एका सकाळी गंगापूर धरणाच्या बोट क्लबवर नेऊन तासभर पाण्यावर बसवा. जॅकेट घालायची सवय तिथेच होईल. त्यानंतरही त्यांचं मन झालं नाही तर आग्रह करू नका. ते गाडीने रेवदंड्याला येऊ शकतात, आणि सकाळच्या भरतीला धक्क्यावर तुमची वाट बघतील.

आणि एक गोष्ट माझ्यासाठी कराच. निघण्याआधीच्या शनिवारी सकाळी घरातला मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. तुम्ही चौघे, म्हणून १० लिटरचे चार कॅन भरून ओट्यावर. दोन दिवसांना तेवढेच. न्हाणीघरात एक पिंप भरून ठेवा आणि मुलीला त्यावर ‘समुद्र’ असं लिहायला सांगा. घासणं, आंघोळ, संडास त्या पिंपातून, त्याचा हिशोब नाही. पिणं, चहा, स्वयंपाक आणि शेवटचं विसळणं मात्र कॅनमधून. एका शेगडीवर, कुकरमध्येच शिजवा. रविवारी रात्री कॅनमध्ये किती उरलं किंवा कधी संपलं ते मला लिहा. जानेवारीत समुद्रावरचं ऊन धरून त्यात किती वाढवायचं आणि बोटीवर नक्की किती कॅन चढवायचे, ते त्यावरून सांगते.